मनोरीच्या बोटीत पाय न ठेवणारे नाना

नाना धुरींच्या गॅलरीत बारा महिने एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी लटकलेली असायची. वाळत घातलेली नव्हे, लटकवलेली. गुढीच्या काठीच्या टोकाला तारेचं कडं, कड्याला चड्डीची कंबर शिवलेली, एक पाय दोऱ्याने कायमचा बंद आणि दुसरा मोकळा. वारा सुटला की ती टम्म फुगायची. मोकळा पाय कुठे फडफडतो त्यावरून नाना ठरवायचे, आज वारा कुठला, किती आणि भरवशाचा आहे की नाही. खालून जाणाऱ्याला मात्र एवढंच दिसायचं, की बोरिवलीतल्या एका सभ्य सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणाची तरी चड्डी रस्त्यावरच्या लोकांना लाथा मारते आहे.

वरच्या मजल्यावरच्या शाहभाभींनी शेवटी रीतसर तक्रार केली. मीटिंगमध्ये नाना उभे राहिले, चष्मा पुसला आणि सोसायटीच्या नियमांचं पुस्तक मागवलं.

"'दर्शनी भागात कपडे वाळत घालू नयेत.' बरोबर? आता मला सांगा, ती ओली आहे का? नाही. मग वाळत कशी? आणि जी कुणी अंगात घालत नाही, कधी घालणार नाही, तो कपडा कसा?"

"पण नानाभाई, छे तो चड्डी ज ने!" शाहभाभी कळवळून म्हणाल्या.

"होती," नाना म्हणाले. "आता ते यंत्र आहे."

चड्डी राहिली. नानांचं हे असंच. दिंडोशीच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस. ऑर्डरमध्ये जे लिहिलंय ते आणि तेवढंच, असा त्यांचा जगाशी करार होता. गच्चीवर पापड वाळवायला बंदी केली तेव्हा त्यांनी कुरडया वाळवल्या. डॉक्टरांनी 'चहात साखर बंद' सांगितल्यावर आधी गुळाचा खडा तोंडात धरून वर चहा प्यायला लागले. समोरच्या दारात राहणारी मी, रोज ऑफिसला निघताना हा माणूस बघायचे आणि काकींची दया यायची. काकी म्हणजे त्यांची बायको. ती म्हणायची, "शुभा, ह्यांच्याशी मी लग्न केलं तेव्हा सात पावलं नीट चालले की नाही, ते यांनी खाली वाकून बघितलेलं."

पण नाना वाऱ्याच्या नादी लागले ते मात्र रागातून. ती गोष्ट आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे, कारण काकी ती जिन्यातच सांगायची.

नानांचा धाकटा भाऊ बाबल. बाबलभाई मनोरीला राहायचे. छोटं कौलारू घर, पुढे माड, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला मागे दोन खोल्या. कोकणातलं गावचं घर पडलं, तेव्हापासून धुरींचा घरचा गणपती मनोरीला बसायला लागला होता. आता मनोरी म्हणजे काही लंका नाही. मार्व्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे दिसते; फेरीबोटीत चढून घाम पुसेस्तोवर पलीकडे लागतोही आपण. नाना दरवर्षी जायचे, आरत्या म्हणायचे आणि दुपारी जेवणं झाली की गणपतीपुढेच मेंढीकोटाचा डाव मांडायचे. समोरासमोर बसलेले दोघं भागीदार. एका बाजूला हे दोघे भाऊ, दुसऱ्या बाजूला दोघांच्या बायका.

त्या वर्षी नानांनी एक्का टाकला. हात त्यांचाच होता. आणि बाबलभाईंनी, सख्ख्या भावाच्या, स्वतःच्या भागीदाराच्या एक्क्यावर हुकूम मारला! तो हुकूम फुकट गेला, पुढे कमी पडला आणि बायकांनी दोघा भावांवर कोट चढवला. काकी आणि जाऊबाई टाळ्या देऊन हसल्या. तिथून जे सुरू झालं ते थेट धक्क्यावर पोचलं. बोटीत चढलेले नाना मागे वळून सगळ्यांसमक्ष ओरडले, "बाबल्या, तुझ्याकडे येण्यासाठी मी पुन्हा या बोटीत पाय ठेवला, तर बापाचं नाव लावणार नाही! आणि भाईंदरवरून येईन असंही समजू नकोस, त्या रस्त्यालासुद्धा पाय लावणार नाही!"

बाबलभाईही त्याच बापाचे. ते धक्क्यावरून ओरडले, "आणि तू पहिला बोलल्याशिवाय मी तुझ्याशी एक शब्द बोललो, तर मीही बापाचं नाव लावणार नाही!"

बाप बिचारा गिरणीत राबून केव्हाच गेलेला. आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलला नसेल. दोन्ही मुलांनी त्याचं नाव असं टांगून ठेवलं. वर्षं गेली. एक नाही, दोन नाही, पाच-सहा. गणपती आला की नाना आमच्याकडे आरतीला यायचे, मोठ्या आवाजात म्हणायचे आणि प्रसाद घेताना हळूच विचारायचे, "मनोरीचा या वर्षी केवढा आणलाय, काही कळलं?" जसं काही माझ्या घरी मनोरीचं खबऱ्याचं ऑफिस होतं.

"जा ना मग! बोला एकदा," मी म्हणायचे.

"मी थोरला. मी पहिला बोललो, तर हुकूम मारला ते बरोबर होतं असा अर्थ निघतो."

"आणि बोट?"

"बापाचं नाव आहे, शुभा."

कपाळ माझं!

रिटायर झाल्यावर नाना दर रविवारी बसने मार्व्याला जाऊन नुसते धक्क्यावर उभे राहायचे. पलीकडे बघायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. अशाच एका रविवारी त्यांच्यासमोरून एक पोरगी फळीवर उभी राहून, हातात शीड धरून सर्रकन मनोरीकडे गेली आणि वळून परतही आली. तिथे वॉटर स्पोर्ट्स शिकवणारा एक क्लब होता आणि ही रीमा तिथली शिक्षिका. नाना वाळूतून धावत तिच्यापाशी गेले. पुढचा संवाद रीमानेच मला नंतर हसत हसत ऐकवला.

"बाई, ह्याला बोट म्हणतात का?"

"नाही अंकल. बोर्ड."

"कायद्यानेसुद्धा?"

"म्हणजे?"

"इंजिन नाही, बसायला जागा नाही, आत पाय ठेवत नाहीत, वर ठेवतात. बरोबर?"

"हो... वरच."

"मग माझं नाव लिहा."

वय एकसष्ट, पोट सुटलेलं, दोन्ही डोळ्यांना चष्मा. झालं! वाट लागली सोसायटीची.

सराव गच्चीवर. इस्त्रीच्या टेबलाची फळी खाली विटांवर, हातात बांबू, बांबूला काकीची जुनी नऊवारी. जूनच्या वाऱ्यात ती नऊवारी अशी काही भरली, की नाना फळीवरून टाकीपर्यंत धावत गेले आणि लुगडं सुटून पलीकडच्या बिल्डिंगच्या डिशवर जाऊन बसलं. तिकडे कुठल्याशा मालिकेचा शेवटचा भाग चालू होता. लोक खाली येऊन भांडले. नाना शांतपणे म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, लुगडं परत द्या."

मी यात ओढली गेले ती माझ्या गाडीमुळे. नानांनी एका परदेशी निघालेल्या माणसाकडून जुना बोर्ड आणि शीड मिळवलं आणि ते टपावर बांधता येईल अशी गाडी आमच्या मजल्यावर फक्त माझी. "फक्त एक रविवार, गो बाय," असं म्हणाले होते. फक्त! त्यानंतर माझ्या रविवारचं काय झालं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. नानांचा पोशाख म्हणजे अंगाला घट्ट काळा सूट, वर केशरी लाइफ जॅकेट आणि डोक्याला माकडटोपी. वाऱ्याची एवढी आवड, पण कानात वारा गेलेला चालायचा नाही. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा मला विचारलं, "मॅडम, अंकल को किधर ले जा रहे हो?" मी म्हटलं, "भाई के घर." खोटं कुठे होतं?

पहिलं वर्ष नाना नुसते पडले. पुढे पडले, मागे पडले, शिडाखाली पडून बराच वेळ आतूनच रीमाला प्रश्न विचारत राहिले. दुसऱ्या वर्षी उभे राहिले. आणि मग एक दिवस, समुद्राकडून डाव्या हाताला छान भरभरीत वारा असताना, नाना थरथरत, वाकून, ढुंगण मागे काढून मनोरीच्या वाळूला लागले. मी मार्व्याला उभी राहून शिट्ट्या मारल्या. माझं वय, माझी नोकरी, काही आठवलं नाही.

पण परत येताना वळायचं असतं. शीड फिरवायचं, डोलकाठीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला पाय टाकायचे, आता वारा उजव्या हाताला. ते काही नानांना जमेना. खरं सांगायचं तर ते मन लावून शिकलेच नाहीत. रीमा म्हणायची, "अंकल, टर्न शिकायला पाहिजे ना!" नाना म्हणायचे, "मला जायचंय. यायला बोट आहे."

"अहो, पण बोटीत पाय ठेवणार नव्हतात ना?" मी विचारलं.

"'तुझ्याकडे येण्यासाठी,' असं म्हटलंय मी. परत जाण्यासाठी नाही. नीट ऐकत जा."

म्हणून नाना बोर्डवरून जायचे आणि फेरीबोटीने यायचे. फेरीवर पास्कू नावाचा बोटवाला होता, मनोरीचाच. गडगडाटी हसायचा आणि दर रविवारी नानांशी भांडायचा. त्याचं म्हणणं, बोर्ड आणि शीड मिळून मोटारसायकलएवढी जागा अडवतात, तर तिकीट मोटारसायकलचं. नाना विचारायचे, "याला चाकं दाखव." पास्कू म्हणायचा, "काका, तुमच्या डोक्यालापण चाकं नाहीत, पण फिरतं ना गरागरा!" सगळी बोट हसायची आणि नाना सामानाचं तिकीट काढायचे.

तुम्ही विचाराल, मनोरीला जाऊन नाना करायचे काय? तीच तर कमाल. पहिल्या दिवशी ते निथळत निथळत, माकडटोपीसकट, बाबलभाईंच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. बाबलभाई ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलं. नानांनी बघितलं. एक बोलेना, दुसरा बोलेना. थोरल्याला पहिलं बोलायचं नव्हतं आणि धाकट्याला पहिलं बोलता येत नव्हतं. शेवटी बाबलभाई उठून आत गेले. नाना पडेल चेहऱ्याने वळणार, तेवढ्यात ते चहाचा कप घेऊन बाहेर आले, कुंपणाच्या गडग्यावर ठेवला आणि परत पेपर घेऊन बसले. नानांनी चहा प्यायला, कप उलटा ठेवला आणि बोटीने परत आले.

"साखर घातलेली," गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले. नाक लाल झालेलं. "दोन चमचे. लक्षात आहे मेल्याच्या."

दीड-दोन वर्षं हा चहा चालला. मी एकदा फेरीबोटीने त्यांच्या पाठोपाठ पलीकडे जाऊन तो प्रकार डोळ्यांनी बघितला, म्हणून बाबलभाईंना ओळखायला लागले. नानांचंच नाक, नानांचेच कान, फक्त माकडटोपी नाही. बिस्किटंसुद्धा आली नंतर चहाबरोबर. शब्द नाही. गणपतीच्या दिवसांत दार सताड उघडं असायचं आणि नाना गडग्यावरून मान लांब करून मखर बघायचे. आत ये म्हणणारा मुका आणि आत जाणारा त्याहून मुका. काकी म्हणायची, "दोघांना एका पोत्यात घालून हलवा कुणीतरी."

आणि मग ऑगस्टात एक दिवस जाऊबाईंचा काकीला फोन आला. मनोरीचं घर विकायचं ठरलं होतं. मुलगी नागपूरला, तिचा आग्रह होता. सोमवारी सामानाचा टेम्पो येणार. गणपतीही यापुढे नागपूरला बसणार. नाना ऐकत होते. ते उठून गॅलरीत गेले. मी माझ्या दारातून बघितलं, तर चड्डीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते. चड्डी वेड्यासारखी नाचत होती. वादळ येणार म्हणून दोन दिवस बातम्या ओरडत होत्या.

रविवारी सकाळी दार वाजलं. नाना. काळा सूट, लाइफ जॅकेट, टोपी. बगलेत बोर्ड, पाठीला फडक्याने बांधलेला स्टीलचा डबा.

"अहो, धोक्याचा बावटा लावलाय! क्लब बंद, फेरी बंद, मासेमारी बंद!"

"बघायचं फक्त. पाणी बघून येऊ."

"मग बोर्ड कशाला?"

"बोर्डाने नाही बघितलं किती दिवस."

"डब्यात काय आहे?"

"धोंडस. हिनं केलंय. तवशाचं."

तवसं म्हणजे ती पावसाळ्यातली दांडगी काकडी. तिचा गूळ घालून भाजलेला केक म्हणजे धोंडस. बाबलभाईंचा जीव होता त्याच्यावर. उद्या तो माणूस नागपूरला जाणार. मी मूर्खासारखी चावी उचलली.

मार्व्याला पोचलो तर पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं. खाडीच्या तोंडातून लाटा आत घुसत होत्या, माड कमरेतून वाकत होते. चहावाल्याने टपरीचं अर्धं शटर ओढलं होतं आणि त्याची लाल प्लास्टिकची खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत उडून फेरीबोटीत जाऊन पडली. बोट धक्क्याला बांधलेली, पास्कू टपरीच्या आडोशाला बसलेला. मी म्हटलं, "बघितलंत ना नाना? चला आता."

"बघितलं गो," नाना म्हणाले. "आता जातंय."

"नाना! फक्त बघायचं म्हणाला होतात!"

"बघून झाल्यावर काय करायचं, ते कुठं म्हणालो होतो?"

आणि गेले! मी त्यांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पकडला, तो हातातून सुटला. एवढ्या वर्षांत हा माणूस थरथरत, वाकून जायचा. त्या दिवशी वाऱ्याने शीड असं काही उचललं, की बोर्ड पाण्याला टेकतोय की नाही कळेना. नाना ताठ उभे, ढुंगण आत, टोपीचा गोंडा मागे आडवा. आणि ओरडत होते. भीतीने नाही. मजेत! "हुय्या!" असं काहीतरी. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे म्हातारं तिकडे हुय्या करतंय.

मी किंचाळत टपरीकडे धावले. "पास्कू, थांबवा त्यांना कुणीतरी!"

पास्कूच्या शेजारी कुणीतरी चहाचा ग्लास हातात धरून उभं होतं. नानांचंच नाक. नानांचेच कान.

बाबलभाई!

"तुम्ही? इथे?"

"फेरी बंद व्हायच्या आधी, सकाळच्या पहिल्या बोटीने आलो होतो," खाडीकडे बघत बाबलभाई म्हणाले. "बोरिवलीला जायला. म्हटलं, जायच्या आधी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो. बोलायचं नाही, नुसता उभा राहतो. एवढ्यात पाऊस वाढला, म्हणून इथे थांबलो."

"अहो, ते तुम्हालाच भेटायला चाललेत तिकडे! तुमच्या समोरून गेले! हाक का नाही मारलीत?"

बाबलभाईंनी माझ्याकडे केविलवाणं बघितलं. "कशी मारणार?" ते म्हणाले. "पहिला बोलणार नाही म्हणालोय ना. हात हलवला मी. दोन्ही हात हलवले. त्याने बघितलंच नाही."

त्या क्षणी मला या दोघांना बडवावंसं वाटलं. खरंच. पण तेवढ्यात वारा फिरला. भर खाडीत नानांचं शीड एकदम उलट्या बाजूने भरलं. आता वळायला हवं होतं, शीड फिरवून, पलीकडे पाय टाकून. तेच, जे नाना कधी शिकले नव्हते. शीड आडवं झालं, नाना उडाले आणि पाण्यात गेले. केशरी जॅकेट दिसलं. मग दिसेना. मग दिसलं, पण पार आत, कांदळवनाच्या बाजूला वाहत चाललेलं.

"नाना!" बाबलभाईंच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. हातातला ग्लास खाली पडला. त्यांनी पास्कूची कॉलर धरली. "बोट काढ. पास्कू, बोट काढ, तुझ्या पाया पडतो."

पास्कूने एक शिवी दिली, ती वाऱ्याला होती की धुरी घराण्याला, माहीत नाही. पण दोर सोडला. मी कशी उडी मारून आत गेले ते आजही आठवत नाही. बोट खाडीच्या आतल्या अंगाला वळली. बाबलभाई पुढे कठडा धरून उभे, दाढीवरून पाणी ओघळतंय. पावसाचं की डोळ्यांचं, विचारायची गरज नव्हती. हुंदके ऐकू येत होते. मीसुद्धा रडत होते. नाना मेले तर घरी काकीला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

मेले कुठले! बोर्डला मिठी मारून, चष्मा नाही, टोपी डोळ्यांवर आलेली, धापा टाकत पडले होते. पास्कूने बोट शेजारी आणली, हात पुढे केला. "चढा काका, लवकर!"

नानांनी टोपी वर केली. पास्कूला बघितलं. मला बघितलं. आणि मग बाबलभाईंना बघितलं. बराच वेळ बघितलं. लाटेबरोबर वर जायचे, बघायचे, खाली जायचे, परत वर येऊन बघायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शुभा, ही तीच फेरीबोट ना?"

"हो! चढा!"

"आणि बाबल्या तिच्यात बसलाय. म्हणजे आता मी तिच्यात पाय ठेवला, तर तो त्याच्याकडे येण्यासाठीच ठेवला, असं होईल. नको."

"काका, मरशील!" पास्कू ओरडला.

"बापाचं नाव आहे."

बाबलभाई पास्कूला म्हणाले, "त्याला सांग, मी हवं तर बोटीतून उतरतो."

"त्याला सांग," नाना पाण्यातून पास्कूला म्हणाले, "त्याला पोहता येत नाही."

"त्याला सांग, तुलाही कुठं धड येतंय!"

पास्कूने दोन्ही हात जोडले. "अरे, मी बोट चालवू की तुमचा फोन होऊ?"

एवढ्यात एक मोठी लाट आली. नानांच्या पाठीवरचं फडकं सुटलं आणि स्टीलचा डबा पाण्यावर टुणकन उडी मारून भलतीकडे निघाला.

"धोंडस!!"

दोघे एकदमच ओरडले. एका दमात, एकाच आवाजात. बाबलभाई कठड्यावर पालथे पडून वीतभर पाण्यात घुसले, मी त्यांचे पाय धरले आणि त्यांनी डबा पकडला. दोघांनाही काय झालं ते कळलं होतं.

"तू पयलो बोललंस!" नाना म्हणाले.

"खोटा! तू पयलो!"

"तुझं 'धों' माका आधी ऐकू इलं!"

"वाऱ्यामुळे! वारा माझ्याकडून तुझ्याकडे आहे, नाना! माझो आवाज आधी पोचतलो काय तुझो?"

नाना विचारात पडले. वाऱ्यातलं त्यांना कळत होतं, त्यामुळे मुद्दा नाकारता येईना. "असेल," ते म्हणाले. "मग एकत्र बोललो असं धरू." आणि तसेच पाण्यात, बोर्डला मिठी मारून, ढसाढसा रडायला लागले. बाबलभाईंनी कठड्यावरून हात खाली सोडला आणि माकडटोपीवर ठेवला. मी पास्कूकडे बघितलं, तर तो गडी तोंड फिरवून इंजिनाशी काहीतरी उगाच खाटखूट करत होता.

नाना बोटीत मात्र चढले नाहीत. शेवटी पास्कूने बोर्डला दोर बांधला आणि नाना बोर्डवर पालथे पडून, मागे ओढले जात मार्व्याला आले. अख्ख्या वाटेत दोघे भाऊ तोंडाला येईल ते ओरडत होते. आठ-नऊ वर्षांचा साठा होता.

"एक्क्यार हुकूम कित्याक मारलंस?"

"माका वाटलां, एक्को वयनीचो!"

"वयनी तुझ्या समोर बसलेली की बाजूक?"

"चष्मो नव्हतो रे माझो!"

"मग तेव्हाच सांगूचा होता!"

चष्मा नव्हता! एवढ्यासाठी! टपरीत बसून, ब्लँकेट गुंडाळून, चौघांनी तो डबा संपवला. धोंडसात थोडं खारं पाणी गेलं होतं. नाना म्हणाले, "मीठ कमीच घालते ही एरवी."

सोमवारचा टेम्पो परत गेला. बाबलभाई म्हणाले, यंदाचा गणपती इथेच करून मग नागपूरला जातो. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. घर विकायचं बोलणं हळूहळू बंदच पडलं. दर गणपतीला नाना आधी बोर्डवरून खाडी पार करायचे, मग मखरापुढे बसून मेंढीकोट खेळायचे, पण बाबलभाईंच्या समोर नाही. आता भागीदार बदलले होते. रीमाने वळायला शिकवायचा पुन्हा प्रयत्न केला. नाना म्हणाले, "आता कशाला? आता तर परतताना दोघं बोटीने येतो गप्पा मारत."

मग गुडघे गेले. पाठोपाठ छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, पाणी बंद. नानांनी विचारलं, "पाण्यात की पाण्यावर?" डॉक्टर आता नानांना ओळखून होते. "दोन्ही. आणि पाण्याजवळही," ते म्हणाले. नाना घरी आले, चड्डी खाली उतरवली, घडी केली आणि कपाटात ठेवली. शाहभाभी स्वतः येऊन म्हणाल्या, "लगाव ने नानाभाई, सुनं सुनं लागे छे." गणपती आठवड्यावर आले होते आणि नाना जेवत नव्हते. बोट समोर होती, रस्ता होता आणि शब्दही तिथेच होता. बापाचं नाव आहे, एवढंच म्हणायचे. मला रडू यायचं त्यांच्याकडे बघून.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबलभाईंचा मला फोन आला. "शुभा, त्याला धक्क्यावर आण. बाकी मी बघतो."

मी आणलं. माकडटोपी, नवा झब्बा, काकीच्या हातात धोंडसाचा डबा. बाबलभाई धक्क्यावर उभे होते, शेजारी पास्कू, आणि दोघांच्या मध्ये टपरीवाल्याची ती लाल प्लास्टिकची खुर्ची.

"बस," बाबलभाई म्हणाले.

"कशाला?"

"शब्द काय होता तुझा? 'बोटीत पाय ठेवला तर.' मग ठेवू नको पाय. आम्ही उचलतो."

नानांनी खुर्चीकडे बघितलं. खाली वाकून चारही पाय तपासले. "ही बोटीच्या मालकीची आहे का?"

"चहावाल्याची आहे," पास्कू म्हणाला. "काका, बसा आता, भरती उतरेल."

नानांनी खुर्ची एकदा हलवून बघितली. मग बाबलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऑर्डर नीट वाचलीस." आणि बसले.

माझ्याही घरी गणपती यायचा होता, म्हणून मी धक्क्यावरूनच परत फिरणार होते. पण पाय निघेना. दोघांनी खुर्ची उचलून बोटीत, मोटारसायकलींच्या मध्ये ठेवली. लोक हसत होते, पोरं मोबाइल काढून शूटिंग करत होती. नाना राजासारखे बसले होते, दोन्ही पाय समोर हवेत सरळ धरून. म्हाताऱ्या गुडघ्यांना ते कितीसं झेपणार? बोट सुटली तसे पाय थरथरत खाली यायला लागले.

त्यानंतर मी नानांना पाहिलं नाही. मनोरीलाच, गणपती होऊन थोड्या दिवसांनी, झोपेत गेले. मला दिसतात ते अजून त्या बोटीतच. बाबलभाई खुर्चीपुढे खाली ओल्या फळ्यांवर मांडी घालून बसले, भावाच्या दोन्ही टाचा त्यांनी आपल्या हातांवर घेतल्या आणि बोट मनोरीला लागेपर्यंत त्या खाली टेकू दिल्या नाहीत.